विचारून सांगते

“थांबा काका, घरी विचारून सांगते.”

हे तिचं ठरलेलं वाक्य. बोलताना अंगठ्यानं करंगळीचं नख घासत राहायची आणि नजर कीबोर्डवर. चहा मागवू का म्हटलं तरी एखाद्या दिवशी तोंडातून तेच निघायचं, मग स्वतःच हसायची.

पेणला कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली मी टायपिंगला बसतो, त्याला तीस वर्षं होऊन गेली. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे. पाठदुखी मात्र तीच. ती माझ्याकडे कामाला लागली तेव्हा नुकतीच बी.ए. झाली होती. डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव, भाताची आणि वालाची शेती, घरी वडील आणि थोरला भाऊ. तिचं नाव लिहीत नाही. विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त काम हक्कसोडीचं. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला सोडून दिला, असा तो कागद. ही मंडळी तुम्हीही पाहिली असतील. भाऊ पुढे, बहीण मागे, भावाच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. पिशवीत साडी. सही झाली की साडी द्यायची, अशी रीत. मी वर्षानुवर्षं कागद काढून बाईपुढे सरकवत आलो. बाई सही करायची, नाहीतर अंगठा उठवायची, की विषय संपला.

हिनं आल्या आल्या नवंच काढलं.

“मावशे, आधी वाचून दाखवते. मग सही कर गो.”

भाऊ लोक वैतागायचे. “वाचायचं काय त्यात? घरातलीच बाब हाय.”

“घरातली हाय म्हणूनच वाचते, दादा. परका असता तर मावशीनं आधीच विचारलं असतं.”

आणि खरंच वाचायची. कागदातली अवघड भाषा मोडून, साध्या बोलीत. यापुढं या जमिनीत तुझं काय नाय, तुझ्या पोरांचं पण काय नाय, कळलं का गो? एकदा एका बाईनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला, “मंग मी नाय करत सही,” म्हणाली आणि तडक एसटी स्टँडकडे चालू पडली. साडी बाकावर तशीच. भावानं मला आयमाय काढून शिव्या घातल्या.

मी हिच्यावर भडकलो. “अगं बये, आपण टायपिंगवाले! न्यायाधीश नव्हे!”

“मी फक्त वाचलं, काका.”

शेजारच्या बाकावर एक वकीलसाहेब बसले होते. ते हसत म्हणाले, “हिला लॉला घाला हो, आमची सुट्टी करील.” ते गमतीनं बोलले. हिनं मनावर घेतलं.

वकिलीचा तीन वर्षांचा कोर्स करायचा तर आधी प्रवेश परीक्षा. दुसऱ्याच्या भावाला दोन शब्द सुनावणारी ही पोरगी, स्वतःचं काही आलं की मात्र मांजर व्हायची. पहिल्या वर्षी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, भावाला विचार. भाऊ म्हणाला, बघू. बघू बघू करता फॉर्मची मुदत गेली.

दुसऱ्या वर्षी फॉर्म माझ्याच कॉम्प्युटरवरून भरला. शेडमध्ये कामं थांबली की पुस्तक उघडायची. राज्यघटनेचे प्रश्न मला विचारायला लावायची. मी चुकीचं वाचलं तरी बरोबर उत्तर द्यायची. वहीच्या मागच्या पानावर सहीचा सराव चालायचा, खाली लिहिलेलं ‘वकील’. मी ते पाहिलं की पान झाकायची. हॉल तिकीट आलं, सेंटर पनवेलकडे. माझ्या प्रिंटरवर काढलं आणि शाई किती जाते म्हणून मी कुरकुरलो. तो स्वभावच आहे माझा, काय करणार.

परीक्षेच्या चार दिवस आधी ती तोंड पाडून आली. भावानं घराचं काम काढलं होतं. गवंड्यांचा स्वयंपाक कोण करणार? म्हणाला, पुढल्या वर्षी दे. वडील म्हणाले, भाऊ म्हणेल तसं.

“काका, तुम्ही जा म्हणालात तर मी जाते. मग घरचे काय बोलायचं ते बोलू देत. बसू, का पुढल्या वर्षी देऊ?”

आता ऐका. नेमकं परीक्षेच्याच दिवशी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती गेली असती तर शेड बंद ठेवावी लागली असती, आणि गिऱ्हाईक पलीकडच्या टेबलावर गेलं असतं. डॉक्टरांना एक फोन केला असता तर त्यांनी दुसरा दिवस दिला असता. मी फोन केला नाही.

“परीक्षा काय पळून चाललीय?” मी म्हणालो. “तयारी अर्धवट आहे तुझी. पुढल्या वर्षी निवांत दे.”

तयारी अर्धवट नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक होतं.

“बरं,” म्हणाली. हॉल तिकिटाची घडी घालून शाईच्या पॅडखाली ड्रॉवरमध्ये ठेवलं. परीक्षेच्या दिवशी तिनं पहाटे गवंड्यांचा स्वयंपाक उरकला आणि संध्याकाळपर्यंत शेडमध्ये प्रतिज्ञापत्रं टाईप केली. मी घरी डोळ्याला पट्टी बांधून शिरा खात बसलो होतो.

पुढलं वर्ष आलंच नाही. त्याआधी लग्न ठरलं. रोह्याचं स्थळ, मुलगा कंपनीत, शिफ्टची नोकरी. मनाला टोचणी होतीच, म्हणून फॉर्म सुटल्यावर मी आपणहून फोन केला. “भरू का गं तुझा?”

“घरी विचारून सांगते, काका.”

घर आता दुसरं होतं. फोन काही आला नाही.

गेल्या थंडीत ती आली. रोह्याहून निघालेली, वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकून उशीर झालेला. पुढे भाऊ, मागे ती. भावाच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. ती पाहिली आणि काम कुठलं ते मला विचारावं लागलं नाही.

गावाजवळून रस्ता जाणार, जमिनीला गिऱ्हाईक आलेलं. मी हक्कसोडपत्र टाईप केलं. कागद पुढे ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा एका बाईला विचारलं, “वाचून दाखवू?”

“नको काका. पाठ हाय मला.”

देवाशपथ सांगतो, साडी तशीच टाकून गेलेल्या त्या बाईसारखी हिनंही उठून जावं, असं मला वाटत होतं. ती कागदावर वाकली. बोट एका ओळीवर थांबलं.

“काका, जमिनीचा गट नंबर चुकलाय. दोन आकडे उलटे पडलेत.”

खरंच पडले होते. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भावाला त्यातलं काही कळलं नसतं. ती गप्प राहिली असती तर त्या कागदानं तिच्या शेताला धक्काही लागला नसता.

“नीट करा,” ती म्हणाली. “दादाला परत खेप नको.”

मी नीट केलं. अंगठ्याच्या ठशासाठी पॅड काढायला ड्रॉवर उघडला, तर खाली ते हॉल तिकीट. ती बघत होती. मी घाईनं ड्रॉवर लावला. तिनं ठसा दिला, सही केली. वहीत सराव केलेली तीच झोकदार सही. भावानं पिशवी पुढे केली, तिनं आत न बघताच काखेत धरली.

“येते काका. डोळा बरा हाय ना आता?”

“बरा आहे,” मी म्हणालो.

ऑपरेशन उत्तम झालंय. फाटकाबाहेर रिक्षात बसेपर्यंत मला ती अगदी स्वच्छ दिसत होती.