साठ फुलांची माळ

तिचं नाव मी कधी विचारलंच नाही, बघा. अमरावतीत आमच्या दारासमोर देऊळ होतं, त्याच्या पायरीशी ती रोज घरच्यांना घेऊन फुलं ओवायला बसायची. देवाची माळ शेवंतीच्या साठ फुलांची, आणि तिच्या घरची रीत अशी की माळेला प्रत्येकाचा हात सारखा लागला पाहिजे. माणसं सहा. ओल्या फडक्यावर ती दहा-दहाचे सहा ढीग घालायची आणि बोटाच्या टोकाने पुन्हा मोजायची. मी शाळेत गेले नाही. भागाकार शिकले तो त्या फडक्यावर.

मग मानमोडीचा ताप आला, घरोघरी माणसं जाऊ लागली. फडक्यावर बारा-बाराचे पाच ढीग दिसले. आठवड्याने पंधराचे चार, मग विसाचे तीन. तीस-तीसचे दोन झाले, तेव्हा ती आणि तिची धाकटी लेक एवढ्याच राहिल्या होत्या. तिला धीर द्यायला मी म्हटलं, “मावशी, साठाचं बरं आहे. सहा असोत की दोन, वाटून काही उरत नाही.”

“तेच तं, माय. एखांदं फूल उरलं असतं, तं म्हणलं असतं का, हे गेलेल्यायचं हाय. साठाले कोणाची कमीच पडत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी परसातलं एक फूल नेलं, एकसष्टावं. दोघींत वाटलं की एक उरेल, असं मनात धरून गेले. पण फडक्यावर एकच ढीग होता. मावशीने माझं फूलही त्यातच ठेवलं, आणि काही उरलं नाही.