मायनं निंदलेली शेवटची पात

मी मलकापूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझ्या मायच्या मेंदूपुढे त्या शिकवण्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून टाकते.

माय धामणगाव बढ्याची. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात तण काढायला, निंदणाला गेली. बायांच्या टोळीत तिची पात, म्हणजे निंदायला धरलेली ओळ, नेहमी सगळ्यांच्या पुढे असायची. कपाशीची विरळणी मला तिनंच शिकवली. एका जागी दोन रोपं उगवली की मला दोन्हींची दया यायची. ती डाफरायची, "काऊन वं, दोघाइले उपाशी मारतं का? तगडं ठेव, दुसरं उपट. लोभ नाई कराचा."

पुढे मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींबद्दल वाचलं, तेव्हा मला मायच आठवली. या पेशी आपला परिसर सतत चाचपत असतात. लहानपणी मेंदूतल्या कमजोर जोडण्या काढून टाकतात, पुढे मेलेल्या पेशी आणि साचलेला कचरा उचलतात. वर्गात मी सांगायचे, या मेंदूतल्या निंदणाच्या बाया. पोरं हसायची, पण परीक्षेत बरोबर लिहायची.

मग मायला अल्झायमर झाला. आधी भाजीत दोनदा मीठ, नंतर गावची गाडी सोडून जळगाव जामोदच्या गाडीत जाऊन बसली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गोळ्यांनी फार तर वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. मला ते ठाऊकच होतं. मेंदूत प्रथिनांच्या गाठी साचतात. मायक्रोग्लिया त्यांना घेरतात, साफ करायला बघतात. पण कचरा काही सरत नाही. त्या वर्षानुवर्षं भडकलेल्याच राहतात आणि शेवटी चांगल्या, जिवंत जोडण्याही गिळू लागतात. एवढं सगळं ठाऊक असून मी, गंडेदोरे करणाऱ्यांना हसणारी बाई, एका आशेला चिकटून बसले. नावं जातील, गाव जाईल, पण तिचे हात निंदण विसरणार नाहीत. हात शाबूत असले तर त्यांच्यामागे माय असेलच कुठेतरी.

जुलैतल्या एका रविवारी तिला भावाच्या वावरात नेलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वीतभर झाली होती. विळा हातात देताच ती उकिडवी बसली आणि सपासप निंदू लागली. मला रडू फुटलं.

"पाहा ताई," भावजय म्हणाली, "बुढीचे हात अजून कसे चालून राह्यले."

मी निर्धास्त होऊन बांधावर चहा प्यायला गेले. त्या चहासाठी मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

परत आले तर तिच्या पातीत कपाशीचं एकही रोप उरलेलं नव्हतं. उपटलेल्या रोपांची माती झटकून, मुळं वर करून तिनं नीट ढिगल्या लावल्या होत्या, अगदी पूर्वी तण काढून लावायची तशा. गवत मात्र जिथल्या तिथे डुलत होतं. मी ओरडले, "माय, हे काय करून ठेवलं वं?" तिच्या हातातला विळा हिसकावला आणि रागानं समोरचं गाजरगवत उपटायला वाकले.

तिनं माझं मनगट धरलं. पकड पूर्वीसारखीच घट्ट होती.

"हात नको लावू बाई," ती म्हणाली. "माह्या पोरीनं लावलं हाय ते. शाळेतून येतच असन ती. तू कोनाची वं?"

तुझीच, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण ते तिला पटलं नसतं, ती शाळेतून येणाऱ्या त्या पोरीसाठी रस्त्याकडे बघत बसली असती.

"निंदाले आली, मावशी," मी म्हणाले.

तिनं मनगट सोडलं आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

"मंग बस. पन ते रोप सांभाळजो. लय जीव हाय तिचा त्याच्यावर."

मी गाजरगवताला हात न लावता तिच्या शेजारी बसून राहिले.