लोसालिनेचा सातवा प्रश्न

टोंगाच्या वावाऊ बेटावर, नेयाफूच्या इस्पितळात, प्रसूती विभागाच्या कपाटात हातमोज्यांच्या खोक्यामागे एक निळी वही असते. ती सिस्टर लोसालिने लोलोहेआची. बाहेरदेशच्या विद्यापीठाची पदवी घरबसल्या घ्यायचं कुणाच्या मनात आलं, मग ती नर्स असो, शाळामास्तर असो नाहीतर बंदरावरचा कारकून, की त्याला आधी या वहीसमोर बसवतात. वहीत सात प्रश्न आहेत. सहा तिने स्वतःचं नाव घालण्याआधी लिहिले, सातवा नंतर. आणि त्या सातव्याने तिला पार रडकुंडीला आणलं होतं.

पहिले सहा सुचले ते तिच्याच विभागातल्या एका थोरल्या सिस्टरमुळे. त्या बाईंनी दोन वर्षं खपून कुठल्याशा विद्यापीठाची ऑनलाइन पदवी मिळवली. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली, दोन डुकरं भाजली, नातेवाईक तृप्त झाले, आणि मग मंत्रालयाचं पत्र आलं की ही पदवी आम्ही धरत नाही. प्रमाणपत्राला चौकट करून झाली होती, ती वाया कुठे घालवायची, म्हणून ते स्वयंपाकघरात लटकलं. त्यांच्याकडे चहाला गेलं की नजर नेमकी तिथेच जाते आणि मग सगळे पावाकडे बघत बसतात.

लोसालिनेने तेव्हाच कानाला खडा लावला. तिचं वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही, अठरा वर्षं बाळंतपणं करण्यात गेलेली. विभागाची प्रमुख व्हायचं तर सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी हवी, असा नवा नियम आला होता. आता मोठ्या माणसांना प्रश्न विचारणं हे आमच्याकडे उद्धटपणात जमा. शाळेत मास्तरांनी ‘समजलं का’ म्हटलं की समजो न समजो, मान हलवायची. पण ईमेलमध्ये समोरच्याचं तोंड दिसत नाही, हा त्या यंत्राचा मोठा गुण. तिने धीर करून समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाला सहा प्रश्न पाठवले.

ही पदवी आमचं मंत्रालय मानतं का, आणि तसं लेखी मिळेल का? वर्ग त्याच वेळी हजर राहून करायचे की मागाहून बघता येतात? रविवारी काही आहे का, कारण रविवारी आम्ही चर्चमध्ये तरी असतो किंवा जेवून झोपलेलो तरी. वादळाने नेट गेलं तर परीक्षेचं काय? प्रात्यक्षिक आमच्याच इस्पितळात चालेल का आणि त्यावर सही कुणाची? आणि घरात मयत झालं तर पंधरा दिवस थांबता येईल का? सगळ्यांची नीट उत्तरं आली. फक्त शेवटच्या प्रश्नाला त्यांनी उलट विचारलं, की साधारण किती मयती अपेक्षित आहेत. लोसालिने लिहून गेली, ‘आमचं कुटुंब मोठं आहे.’

मंत्रालयाचं पत्र हातात पडल्यावरच तिने नाव घातलं. पहिलं सत्र झकास गेलं. व्याख्यानं आधीच भरून ठेवलेली असायची, ती रात्रपाळी नसेल तेव्हा पहाटे ऐकायची. चर्चच्या पायरीवर, बाजारात, फेरीबोटीच्या रांगेत ती ज्याला त्याला सांगायची, की हा अभ्यासक्रम अस्सल आहे, मी स्वतः खात्री केली आहे. हे बोलणं बोटीपेक्षा आधी राजधानीत पोचलं, आणि तिथे सोसायाच्या कानावर गेलं.

सोसाया तिचा चुलतभाऊ, म्हणजे आमच्या हिशेबाने भाऊच. त्याचे आईवडील परदेशी कामाला गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तो लोसालिनेच्या घरीच वाढला. ती वर्षाने मोठी. दोघं एका चटईवर, एका पांघरुणात झोपायची, टाकीवर पाण्याला बरोबर जायची. तो दहा वर्षांचा झाला त्या दिवशी त्याने आपली उशी उचलली आणि मागच्या अंगणातल्या पोरांच्या खोपटात गेला. तेव्हापासून भाऊ-बहीण एका पंक्तीला जेवली नाहीत, एका खोलीत बसून सिनेमा बघितला नाही, एकमेकांसमोर थट्टामस्करी केली नाही. भांडण नाही हं. उलट ही मानाची गोष्ट आहे. बहिणीचा मान मोठा आणि भावाने तो अंतरावरून राखायचा. निरोप असेल तर भावजयीमार्फत. सोसाया आता राजधानीत आरोग्य निरीक्षक होता, चौदा वर्षं पाण्याच्या टाक्या तपासत होता. बाहेरून पदवी घेऊन आलेली पोरं त्याच्या डोक्यावर साहेब म्हणून बसत, आणि कोणती टाकी कुठे आहे हे त्यांना तोच शिकवत असे.

दुसऱ्या सत्रात गट पडले. पाच-पाच जणांचा गट, मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता पडद्यावर हजर व्हायचं, कॅमेरा लावून. शंभरातले चाळीस गुण नुसते चर्चेचे. लोसालिने इस्पितळाच्या सभेच्या खोलीत केसांना खोबरेल लावून, कमरेला आमची मानाच्या प्रसंगाची चटई गुंडाळून, प्रार्थनेला बसावं तशी बसली. चौकोन उघडले. एक शिक्षिका डॉक्टर हेलन, एक फिजीचा, एक कुक बेटांवरची, एक सामोआची. आणि पाचव्या चौकोनात, कमरेला चटई गुंडाळून, केस चापून बसवलेला सोसाया.

तिने घाईने नजर टेबलावर वळवली. तेवढ्यात डॉक्टर हेलन म्हणाल्या, “आजचा विषय, मूल कधी हवं आणि कधी नको याबद्दल तुमच्या समाजात नवरा-बायको आपसात कसं बोलतात. लोसालिने, तुमचा अनुभव दांडगा आहे, तुम्हीच सुरुवात करा.”

लोसालिनेचा चौकोन काळा झाला. सोसायाचा त्याआधीच झाला होता. दोघांनीही मागाहून एकच कारण कळवलं, नेट गेलं. आमच्या बेटांवर या कारणाला कुणी नाव ठेवत नाही, ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण पुढच्या मंगळवारी ठीक पाचला दोघांचं नेट पुन्हा गेलं, आणि त्याच्या पुढच्याही. सामोआची बाई म्हणाली म्हणे, की टोंगाच्या नेटला मंगळवारचा उपास दिसतो.

पडद्यावरची खोली ही खोली धरायची की नाही, यावर लोसालिनेने तीन आठवडे डोकं फोडलं. भिंती नाहीत, छप्पर नाही, मध्ये अख्खा समुद्र. पण तोंड दिसतं, आवाज येतो, आणि विषय तो. नाही, ती खोलीच होती. कुणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण विचारायचं म्हणजे तो विषय उच्चारायचा.

चौथ्या आठवड्यात बुधवारी दुपारी भावजयीचा, मेलियामेचा फोन आला. ती राजधानीच्या बाजारात अळकुड्या विकते आणि तिचा आवाज फोनशिवायही वावाऊपर्यंत यावा असा आहे.

“वन्सं, तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय, म्हणून सांगते,” ती म्हणाली. “ते सोडतायत. कोर्स. अर्ज करून टाकलाय, परवा शुक्रवारी दुपारी बाराला पक्का होणार. मग नाव कायमचं गेलं.”

“का सोडतोय?”

“का म्हणजे? तुम्ही असताना ते बसतील होय तिथं? तुमची वाट मोकळी करतायत.”

“पण त्याने नाव कधी घातलं? मला कुणी बोललं नाही.”

“तुम्ही अस्सल म्हणालात, म्हणून डोळे झाकून घातलं. तुम्हाला कळवू का विचारलं तर म्हणे, बहिणीच्या कानावर आपली बढाई नको, पास झालो की सांग. आता पास कसले होतायत. काल नव्या साहेबाला टाक्या दाखवायला गेले. तेवीस वर्षांचा आहे. शिडी चढायला घाबरतो.”

“अगं, मग गट बदलून मागायचा.”

“ते? गोऱ्या बाईला? बहिणीबरोबर बसत नाही असं लिहून देणार? त्यांना ती तुमची तक्रार वाटते. मी तीनदा सांगितलं, तर तीनदा ते उठून डुकरांना खायला घालायला गेले. डुकरं फुगलीत नुसती.”

फोन ठेवल्यावर लोसालिने हातमोज्यांच्या कपाटापाशी उभी राहिली आणि तिला स्वतःचा संताप आला. सहा प्रश्न विचारले म्हणून केवढा तोरा मिरवला होता. जे आपल्याला ठाऊक नाही ते सगळं विचारलं. पण त्या लोकांना जे ठाऊक नाही ते एका अक्षराने सांगितलं नाही. ते आपल्याला इतकं उघड वाटत होतं, की ते सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. आणि त्याची किंमत तिचा भाऊ मोजत होता, तोंडातून अवाक्षर न काढता.

ती तिथेच बसून ईमेल लिहायला लागली. पाच वेळा खोडलं. शेवटी साधंच लिहिलं: ‘सोसाया लोलोहेआ माझा भाऊ आहे. आमच्यात भाऊ आणि बहीण अशा विषयावर एका खोलीत बसून बोलत नाहीत. तो मला मान देतो म्हणून सोडतो आहे. त्याला सोडू देऊ नका. नेट गेलेलं नव्हतं, त्याबद्दल क्षमा करा.’ मग तिने पाठवण्याचं बटण दाबलं.

डॉक्टर हेलन यांचं उत्तर गुरुवारी सकाळी आलं. त्यांनी लिहिलं होतं की मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी वाजलं आहे. हे आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी गट बदलला असता. गुरुवारी संध्याकाळी दुसरा गट असतो, त्यात एक जागा आहे. कोण जाणार? आणि सोसाया यांनी अर्ज मागे घेतल्याचं उद्या बाराच्या आत स्वतः कळवायला हवं.

खरं तर उठायचं ते भावाने. कुणालाही विचारा, हेच सांगेल. शिवाय गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या गाण्याची तालीम, आणि लोसालिने वीस वर्षं तिथे गात होती. तालीम चुकवणाऱ्याकडे आमचे गाणंमास्तर असे बघतात की माणसाला आपली पापं आठवतात. पण सोसायाला गुरुवारी दूरच्या गावांचा दौरा असतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी, तो दौऱ्यावरून परतल्यावर, तिने मेलियामेला फोन लावला.

“त्याला सांग, मी गुरुवारात जाते. मंगळवार त्याचा. अर्ज मागे घे म्हणावं.”

पलीकडे कुजबुज झाली. मेलियामे परत आली. “नाही म्हणतायत. बहिणीला उठवून मी बसू का, म्हणतात. आणि चपला घालतायत, डुकरांकडे निघाले.”

भावाच्या घरावर बहिणीचा हक्क आमच्याकडे फार मोठा. त्याच्या घरच्या लग्नात, मयतीत तिला पहिली चटई, पहिला मान, आणि तिने काही मागितलं तर तो नाही म्हणू शकत नाही. लोसालिनेने मिळालेला मान घेतला होता. तोंड उघडून कधी काही मागितलं नव्हतं. तिला त्याची लाजच वाटायची.

“मेलियामे, फोन त्याच्या कानाशी नको धरूस. तूच सांग. म्हणावं, ही विनंती नाही. तुझी बहीण मागते आहे. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा मागते आहे. मला तुझी पदवी हवी.”

मेलियामेने निरोप शब्दन् शब्द आपल्या बाजारातल्या आवाजात पोचवला. मग मेलियामे म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज बारीक होता. “चपला काढल्या, वन्सं. बसलेत. अर्ज कुठून मागे घ्यायचा ते विचारतायत.”

शुक्रवारी पावणेबाराला त्याचं नाव परत लागलं. त्या संध्याकाळी लोसालिनेने निळ्या वहीत सातवा प्रश्न लिहिला: ‘ज्याच्याबरोबर एका खोलीत बसता येत नाही असं कुणी वर्गात येऊ शकतं का? आणि ते तुम्ही त्यांना सांगितलंत का?’ पुढे दीड वर्षाने, सिनी नावाची तरुण नर्स नाव घालायला निघाली तेव्हा विद्यापीठाच्या अर्जातच हा रकाना छापलेला होता, कारण द्यायची गरज नाही अशा सूचनेसकट. सिनी गोंधळली.

“सिस्टर, इथं काय लिहू?”

“तुला भाऊ किती?”

“चुलत, मावस, आते सगळे धरून? एकोणचाळीस.”

“मग मागे कागद जोड,” लोसालिने म्हणाली.

पदवीदानाला दोघांपैकी कुणीच समुद्र ओलांडून गेलं नाही. समारंभ पडद्यावर दिसणार होता. सोसाया राजधानीत चर्चच्या सभागृहात साऱ्या गोतावळ्यासह बसला, लोसालिने नेयाफूच्या इस्पितळात, सभेच्या त्याच खोलीत, शेजारी सिनी. नावं आडनावांच्या क्रमाने येत होती. ज्यांना येता आलं नाही त्यांची नुसती नावं, पांढऱ्या अक्षरात. आणि मग एकाखाली एक आली: लोसालिने लोलोहेआ. सोसाया लोलोहेआ.

मध्ये काही नव्हतं, एक रेघसुद्धा नाही. तो उशी उचलून खोपटात गेला त्या दिवसानंतर दोघं इतकी जवळ कधी आली नव्हती. लोसालिनेला इतका आनंद झाला की सिनीने हळूच हातात टॉवेल दिला, बाळांसाठी ठेवलेला.

फोन वाजला. मेलियामे होती.

“वन्सं, ते रडतायत. तुम्हाला सांगू नको म्हणालेत.”

“सांग त्याला, इथेही तेच चाललंय,” लोसालिने म्हणाली. “आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.”