व्हायरलवरची भारी गोळी

कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेल्या गोळ्या कुणी फेकत नाही. अर्धवट स्ट्रिपा घराघरांतून फिरतात आणि शेवटी माझ्या स्टीलच्या डब्यात येऊन पडतात. कुणाला ताप आला की बेल माझी वाजते. या मानाची मला भारी हौस.

गेल्या वर्षी बाबांना अंबरनाथजवळच्या आमच्या गावातून इकडे आणलं. सगळा जन्म शेतीत गेलेला माणूस. सकाळी ताकात कालवलेला शिळा भात खायचे. तो मी पहिल्याच आठवड्यात बंद केला आणि पुढ्यात चहा-बिस्किटं ठेवली.

थंडीत त्यांना सर्दी-ताप झाला. मी डब्यातली अँटिबायोटिक काढली. ती पुरेना, म्हणून कामावरून येताना उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या मेडिकलमधून आणखी आणली. दुकानदारानं डॉक्टरांची चिठ्ठी विचारली, तर उद्या दाखवते म्हणून त्यालाच दटावलं.

"येवढ्याशा सर्दीला कशाला गं?" बाबा म्हणाले.

"व्हायरलवरची भारी गोळी आहे. गुमान घ्या."

ताप उतरला. तो तसाही उतरणारच होता, पण मी शेजारणीकडे फुशारकी मारून आले. मग बाबांचं पोट बिघडलं. त्यावर डब्यातून दुसरी स्ट्रिप निघाली. पोट जेमतेम थांबतंय तोच बिल्डिंगमध्ये फ्लू शिरला. पोरंटोरं पडली, उठली, खाली खेळायलाही लागली. बाबांना मात्र अ‍ॅडमिट करून ऑक्सिजन लावावा लागला.

डॉक्टरबाईंनी आधीची औषधं विचारली. मी घडाघडा नावं सांगितली. त्यांनी ती केसपेपरवर लिहून घेतली.

"या गोळ्या विषाणूला काहीच करत नाहीत. त्या जिवाणू मारतात. पोटात आपले नेहमीचे जिवाणू असतात, ते शरीराला विषाणूशी लढायला तयार ठेवतात. विनाकारण गोळ्या दिल्या की तेही जातात."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तसं नक्की सांगता येणार नाही. वयही आहे त्यांचं."

वय! तो शब्द मी घट्ट धरला. भावाला फोनवर तेवढाच सांगितला. त्यालाही तो पटला. मला काही पटत नाही. ताप बघून घाबरले आणि घरच्या राखणदारांनाच हाकलून दिलं, असं सारखं वाटत राहतं. नक्की कुणीच सांगत नाही, म्हणून सुटकाही नाही.

बाबा घरी आले ते अर्धे होऊन. जिन्यात प्रत्येक मजल्यावर टेकतात. भेटायला कुणी आलं की सांगतात, "पोरीनं औषधपाण्यात काय कमी नाय केलं." तेव्हा मी चहाच्या निमित्तानं आत जाते. गोळ्यांचा डबा केव्हाच रिकामा केलाय. ताकातला शिळा भात पुन्हा सुरू केलाय, गेलेले राखणदार परत येतील या आशेनं. तो का सुरू केला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परवा मला ताप भरला. बाबा भिंतीला धरत धरत माझ्या खोलीत आले. एका हातात पाण्याचा पेला. दुसऱ्या हातानं सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत तीच गोळी.

"तवा एक तुझ्यासाठी लपवून ठेवली व्हती. तूच बोलली ना, भारी गोळी हाय. घे."

"बाबा, ही गोळी..."

"गुमान घे."

त्यांनी पेला पुढे केला. खरं सांगायची वेळ होती ती. मी गोळी गिळली.