तह मोडण्याची मुदत

"इथं नाय. मेल टाक."

कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून, माझ्याच ताटातली मिरची उचलून खात भाऊ हे म्हणायचे. मी एवढंच विचारलेलं असायचं, की माझं घोडदळ तुमच्या मुलखातून जाऊ द्याल का? मग संध्याकाळी मी बजाजनगरच्या सायबर कॅफेत आणि ते सिडकोतल्या, असे नंबर लावून बसायचो आणि एकमेकांना पत्रं लिहायचो. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणावं?

वाळूजच्या आमच्या कंपनीत ते ड्राफ्ट्समन, मी स्टोअरमध्ये. सगळे त्यांना भाऊ म्हणत. आमच्या लढाईच्या खेळासाठी दख्खनचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, नद्या, घाट, किल्ले, सगळं रेखीव. त्याची एकेक प्रत चौघांकडे होती: सिल्लोडचे एक मास्तर, फर्दापूरच्या हॉटेलातला मॅनेजर, भाऊ आणि मी. वॉशर म्हणजे पायदळ, नट म्हणजे घोडदळ. भाऊंचा रंग निळा, माझा लाल. आठवड्याला प्रत्येकाची एक चाल. ती ठरलेल्या वारी मेलनं सगळ्यांना कळवायची आणि मग ज्यानं त्यानं घरी आपल्या नकाशावर नट-वॉशर सरकवायचे.

खेळ सुरू व्हायलाच दोन महिने लागले, कारण तहाची कलमं ठरेनात. एकाचा जरी नकार आला तरी भाऊ कलम पुन्हा लिहायला घेत. मास्तर वैतागून लिहायचे, "भाऊ, लढाई याच जन्मी व्हणार ना?" भाऊंचं उत्तर यायचं, "आधी कलमं. लढायला लई वेळ हाय."

शेवटी तीन कलमं झाली. तह लेखीच व्हावा. तह असेल तोवर एकाची चाल आली नाही, तर दुसऱ्याचंही सैन्य जागचं हलू नये. आणि तह मोडायचा तर आठवडाभर आधी कळवावं. या तिसऱ्याला 'कारण द्यावं लागणार नाही' ही शेपटी मी जोडली. भाऊंना ती पटेना. "आरं, कारण नाय कळलं तर माणसाच्या जिवाला लागतं." मी हटून बसलो. राजकारणात कसली कारणं मागता? दोन आठवडे वाद घालून त्यांनी ती मानली.

भाऊंचा आणि माझा तह दोन वर्षं टिकला. मध्ये माझे वडील वारले. तीन आठवडे माझी चाल गेली नाही, त्यामुळे भाऊंचंही सैन्य अडकलं आणि मॅनेजरनं त्यांचे दोन किल्ले घेतले. कामावर आल्यावर मी ओशाळून त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी विचारलं, "आई कशी हाय? जेवती का?" किल्ल्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

आणि एक दिवस त्यांची मेल आली. 'आपला तह आठवड्यानं संपतो. कलम तीनप्रमाणे कळवले आहे.' त्याच दिवसापासून भाऊ रजेवर. माझं डोकंच फिरलं. घरी फोन करता आला असता, सिडको काही लांब नव्हतं. पण कारण विचारायचं नाही हे कलम माझंच, आणि अकड त्याहून मोठी. आठवडा सरल्यावर मी त्यांचे तीन किल्ले घेतले. त्यांची चाल आली नाही. पुढच्या आठवड्यात आणखी दोन घेतले आणि खाली लिहिलं, "भाऊ, झोपलात की काय?" मग राहिलेल्या शेवटच्या किल्ल्यावरही चालून गेलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फलकावर भाऊ गेल्याची सूचना लागली. पोटाचा कॅन्सर. रजेवर जायच्या आधीच त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपली चाल येणार नाही, माझं सैन्य अडकून पडेल, म्हणून त्यांनी मला मोकळं केलं होतं. हे मला फलकासमोर उभं असताना उमगलं, आणि माझी मलाच लाज वाटली. अजून वाटते.

दोन दिवसांनी भाऊंच्या घरी गेलो. खाटेशेजारी टेबलावर नकाशा तसाच होता. भाऊंच्या पाच किल्ल्यांवर माझे लाल नट होते. उचललेले निळे वॉशर बाजूला एका वाटीत.

"पोरगी मेल छापून आणायची," वहिनी म्हणाल्या. "मी वाचायची. हे पडल्या पडल्या सांगायचे, तसं मी ठिवायची."

"सगळं वाचलं, वहिनी? ते झोपण्याचंबी?"

"वाचलं की. हसले. म्हणले, चिडलाय. चिडला की बरा खेळतो."

वहिनींनी एक लाल नट माझ्या हातावर ठेवला.

"शेवटली मेल आली त्याच दिवशी हे गेले, भाऊजी. तेवढी चाल राहिली बघा. मला काय ती जागा घावंना. तुम्हीच ठिवा."

मी तो नट ठेवला. वहिनींनी तिथला निळा वॉशर उचलला, पदरानं पुसला आणि वाटीत टाकला.