हवा पिणारी गाडी

गेल्या पौषात मी माहूरच्या आईवर चिडलो होतो. रेणुकामाता आमची कुलदेवी. गाडी घेतल्यापासून तिचं नाव घेतल्याशिवाय मी कधी चावी फिरवली नव्हती. पण त्या दिवसांत चावी फिरवली की ओठांवर नाव यायचं नाही, शिवी यायची. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते आधी सांगितलेलं बरं.

आमचं गाव देगलूर-उदगीर रस्त्यापासून थोडं आत, टेकाडावर आहे. माझी थोरली बहीण, अक्का, नवरा वारल्यापासून माझ्याकडंच राहते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते अक्कानं. दीड वर्षापूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी उदगीरला डायलिसिस, सकाळी नऊची पाळी. बसमधली उभ्याची गर्दी आणि धक्के तिला सोसत नाहीत, म्हणून मी तिला माझ्या पिकअपमधून नेतो. भाजीपाला वाहून वाहून जुनी झालेली डिझेलची गाडी, पण तोवर तिनं कधी दगा दिला नव्हता.

थंडी पडली आणि खोड सुरू झाली. सकाळी गाडी एका फटक्यात चालू व्हायची, अर्धं मिनिट चालायची, मग सगळं अंग थरथरवून बंद पडायची. पुन्हा चावी मारावी तर नुसतं घर्र घर्र. महामुश्किलीनं चालू झालीच तर उभ्या जागी इतकी हलायची, की काचा वाजायच्या. आणि दहा-पंधरा मिनिटांनी, जणू काही झालंच नव्हतं अशी सुरळीत. देगलूरच्या मिस्त्रीनं हीटर प्लग बदलले. उदगीरच्या मिस्त्रीनं डिझेल फिल्टर बदलला, नोझल साफ केले. बॅटरी नवी घातली. दोघंही म्हणाले, ‘गाडी तर मस्त चालून राहिली, मालक.’ चालणारच. त्यांच्या दारात जाईपर्यंत ती गरम झालेली असायची.

मग एका शुक्रवारी ती चालूच झाली नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाळी हुकली. पुढची वेळ थेट मंगळवारची मिळाली. रविवारपर्यंत अक्काच्या पायांवर सूज चढली, आडवं पडलं की दम लागू लागला. ती उशीला टेकून बसून राहायची आणि मला म्हणायची, “हाय मी बरी. तू जेवून घे.” त्या दोन दिवसांत मी देवीला मनातल्या मनात काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही.

मंगळवारी सकाळी सातला अक्काला पुढच्या सीटवर बसवलं. गाडी उतारावरून ढकलून गिअरमध्ये सोडली, चालू झाली, आणि बरोबर फाट्यावर, देवीच्या छोट्या देवळासमोर, थरथरून बंद पडली. अक्का हात जोडून म्हणाली, “आईनंच थांबवली असंल, बापू.” मी तिच्यावर ओरडलो. “आईला थांबवायला आजचाच दिवस सापडला का?” आयुष्यात पहिल्यांदा मी अक्कावर ओरडलो होतो. शालीतून नुसता तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

देवळाच्या ओट्यावर पासष्टीचे एक गृहस्थ पिशवी घेऊन बसची वाट बघत बसले होते. डोक्याला मफलर, पायात टायरच्या वहाणा. ते उठून आले आणि कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, “तम्मा, भावा, ही रात्री कुठं उभी ऱ्हाते? नाक वर का खाली?”

मला प्रश्नच कळेना. म्हणालो, “टेकाडावर घर आहे. नाक वर.”

“मग ही थंडीनं न्हाई मरून राहिली. हवा पिऊन राहिली.”

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, फिल्टरवरचा हातपंप दाबून बघितला. तो घट्ट लागण्याऐवजी पिचपिचीत लागत होता. गाडीच्या मागच्या हौद्यात फवारणीच्या पंपाची पारदर्शक नळी पडलेली होती. तिचा वीतभर तुकडा कापून त्यांनी तो फिल्टरच्या आधी डिझेलच्या लाइनीत जोडला, हातपंप मारून गाडी चालू करायला सांगितली. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे पळताना मला स्पष्ट दिसले. दोन महिने दोन मिस्त्र्यांना न सापडलेलं दुखणं ते. रात्रभरात कुठूनतरी हवा शिरायची, नाक वर असल्यानं डिझेल मागं टाकीत उतरायचं, आणि सकाळी इंजिन उपाशी.

मी पाना घेऊन गाडीखाली शिरायला लागलो. त्यांनी खांद्याला धरून अडवलं. “तू अक्कापाशी बस.”

मी बसलो. अक्काचा थंडगार, सुजलेला हात हातात घेतला. समोर देवळाच्या उघड्या दारातून आईचा शेंदरी मुखवटा दिसत होता. मला काही मागायचं सुचेना, तक्रारही सुचेना. गाडी माझी, बहीण माझी, धावपळ माझी, असं किती महिने मी एकट्यानं आवळून धरलं होतं! ते त्या दहा-पंधरा मिनिटांत हातातून सुटलं. मी एवढंच म्हणालो, “आई, आता तूच बघ.” आणि डोळे भरून आले. अक्कानं पदरानं माझं तोंड पुसलं, चार वर्षांच्या पोराचं पुसावं तसं.

तेवढ्यात देगलूरकडं जाणारी बस आली, हॉर्न वाजवून थांबली. गाडीखालून नुसता एक हात बाहेर आला आणि ‘जाऊ द्या’ म्हणून हलला. बस निघून गेली. टाकीजवळ रबरी पाइपाचं तोंड क्लिपखाली चिरलं होतं. त्यांनी बोटभर सडका तुकडा कापून टाकला, पाइप पुन्हा घट्ट बसवला. गाडी चालू केली. बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. इंजिनचा आवाज एकसारखा लागला. नऊला दहा मिनिटं कमी असताना अक्का मशीनला लागली होती. निघताना मी घाईत त्यांच्या गावाचं नाव तेवढं विचारून घेतलं होतं.

पंधरा दिवसांनी अक्काला बरं वाटत होतं, तेव्हा तिलाच घेऊन औरादकडं त्यांच्या गावी गेलो. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात; विचारत विचारत पोचलो तेव्हा ते म्हशीला पाणी दाखवत होते. मला ओळखलं नाही, पण सीटवरच्या अक्काला बघून चेहरा उजळला. “हवा पिणारी गाडी! अक्का, बऱ्या हायत न्हवं?” चहा झाला. तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवले होते. मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकले. म्हणाले, “माझं कसलं? मला तुमच्या फाट्यावर उतरायचंच नव्हतं. मेहुणीचं गाव दोन फाटे पुढं. कंडक्टरनं चुकून उतरवलं. त्या दिशी लई चिडलो होतो मी.”

म्हणजे त्या सकाळी एकाच देवळासमोर दोन माणसं चिडून बसली होती, आणि दोघांच्याही चिडीला आईनं कामाला लावलं होतं. अक्काचा आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पण मिळालेला प्रत्येक मंगळवार-शुक्रवार आता मी मोजून घेत नाही, प्रसादासारखा घेतो. अण्णांच्या दारातून निघताना मी त्या कधीही न पाहिलेल्या कंडक्टरलाही हात जोडले. अक्कानं विचारलं, “कुणाला रे?” मी म्हणालो, “ज्यानं चुकून उतरवलं, त्याला.” ती हसली आणि म्हणाली, “चुकून न्हाई रे, बापू.”