अप्पांनी वाचवलेलं पाणी

आमच्या शेजारचे गुरुपादप्पा हे लातूरचे जलमित्र आहेत. हे मी म्हणत नाही, त्यांच्या बैठकीत काचेत लावलेलं प्रमाणपत्र म्हणतं. त्याच्या बाजूला शाल पांघरून हात जोडलेला अप्पांचा मोठा फोटो आहे. फोटो भिंतीच्या मधोमध नाही, जरा डावीकडे आहे, कारण भिंतीची चीर डावीकडे आहे. कुणी विचारलंच तर अप्पा चहाचं काढतात, आणि अर्धा कप चहा येतो.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, शेवटची वर्षं कंधारला. नोकरी संपल्यावर लातूरला घर घेतलं ते नेमकं अप्पांच्या भिंतीला भिंत लागून. गल्लीत सगळे मला सिस्टर म्हणतात, अप्पाही. अंगातलं पाणी कमी पडलं की माणसाचं काय होतं ते मी आयुष्यभर बघितलं. घराचंही तसंच होतं, हे मला अप्पांनी दाखवलं.

अप्पांची गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीची आडत होती. आता ती धाकटा भाऊ बघतो आणि अप्पा पाणी बघतात. पहाटे उठून लिंगपूजा, कपाळाला विभूती, मग घरभर फिरून कुठला नळ गळतोय का याची तपासणी. आंघोळीचं पाणी परातीत, परातीतलं बादलीत, बादलीतलं संडासात. पाहुण्याला पेला अर्धाच मिळतो आणि त्यानं घोटभर ठेवलं तर अप्पा त्याच्या देखत ते जास्वंदीला घालतात. बायको शिवम्मा जन्मभर एका लोटीत भांडी विसळत आली. तिच्या बोटांची कातडी राखेनं कशी झाली आहे ते मला माहीत आहे, कारण मलम मीच देते.

रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्याची मी थट्टा करणार नाही. तेव्हा मीही घागरी घेऊन रांगेत उभी होते आणि रांगेत बायांची भांडणं सोडवली होती. पण पुढे पाऊस झाला, धरण भरलं, लोकांची तहान गेली. अप्पांची गेली नाही. आणि नेमक्या त्या रेल्वेच्याच उन्हाळ्यात त्यांनी वरचा मजला चढवायला घेतला होता.

मजला कशासाठी, तर पोरींसाठी. लातूरला डॉक्टर घडवायचे कारखाने आहेत, त्यांना क्लासेस म्हणतात. माहूरपासून उदगीरपर्यंतच्या पोरी इथं येतात आणि राहायला खोल्या शोधतात. त्यामुळे आमच्या गल्लीतलं एकही घर जितकं बांधलं तितकंच राहिलेलं नाही. प्रत्येकानं डोक्यावर आणखी एक घर चढवलं आहे, आणि गल्लीत ऊन फक्त दुपारी बारा वाजता डोकावून जातं. अप्पांचं घर मुळातच दोन मजल्यांच्या हिशेबानं बांधलेलं होतं, तेव्हा पायाची काळजी नव्हती. पण किल्लारीच्या भूकंपापासून त्यांचा दगडमातीवरचा विश्वास उडाला होता आणि तो सगळा सिमेंटवर जाऊन बसला होता. सिमेंट असलं की झालं, त्याला आणखी काही लागतं हे ते मानायलाच तयार नव्हते.

स्लॅब टाकायच्या दिवशी नारळ फुटला, मजुरांना जिलेबी वाटली. निवृत्ती नावाचा मिस्त्री होता, तो दुसरा नमुना. माल पातळ असला की पटापट पसरतो आणि माणसं लवकर मोकळी होतात, म्हणून गड्यानं मिक्सरमध्ये पाणी असं ओतलं की वर बादल्यांतून आमटी चाललीय असं वाटावं. अप्पांनी हूं की चूं केलं नाही. टँकर निवृत्तीच्या गुत्त्यात, म्हणजे ठेक्यात धरलेला होता. दुसऱ्याचं पाणी अप्पांना कधीच दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाणी अप्पांचं. नव्या स्लॅबवर मातीचे बांध घालून पंधरवडाभर पाणी धरून ठेवतात, हे रस्त्यावरचं पोरगंही सांगेल. अप्पांनी तांब्या घेतला आणि देवळात तीर्थ शिंपडतात तसं बोटांनी शिंपडलं. मी माझ्या गच्चीवरून बघत होते.

"अप्पा, स्लॅब वाळून राहिलाय. पाणी मारा की," मी म्हणाले.

"सिस्टर, माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् म्या सिमेंटला पाजू? पाप लागंल."

"मग काम तरी पावसाळ्यावर ढकलायचं होतं."

"पावसाळ्यात पोरी येतेत की. त्यांना कुठं ठिवू?"

निवृत्तीनं जाता जाता एक उपाय सांगितला होता, की निदान ओली पोती तरी अंथरा. अप्पांनी गंजातून बारदान आणलं, सगळ्या स्लॅबवर नीट ओळीनं अंथरलं आणि कोरडंच ठेवलं. भिजवलं तर बारदान कुजतं, हे आडतवाल्याला कोण शिकवणार. आठवडाभर तो स्लॅब लातूरच्या एप्रिलमध्ये गरम पोत्यांखाली शेकत पडला. मला आठवत होतं ते उन्हाळी वॉर्डातलं जुलाब लागलेलं तान्हं पोर, ज्याची आई त्याला पाणी पाजायला घाबरायची.

आणि याचंच पुढे कौतुक झालं. एका संस्थेची मंडळी आली. अप्पांनी जवळपास पाण्याविना आख्खा मजला उभा केला, याला त्यांनी पर्यावरणपूरक बांधकाम म्हटलं. टिकाऊ विकास वगैरे शब्द आले. त्यांनी ठेवलेल्या सत्काराच्या व्यासपीठावर अप्पांच्या बहिणीचा मुलगा अमरेशही होता. तो इंजिनिअर आहे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याचे हात सगळ्यांत वर होते. जो मजला आठ-दहा वर्षांत पाडून पुन्हा बांधावा लागणार, त्यात किती पाणी वाचलं हे तिथं कुणी विचारलं नाही. मी विचारणार होते, पण शिवम्मानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

सत्कार झाल्यावर अप्पांना चेव आला. गच्चीवर पत्र्याचं शेड, शेडला पन्हळ, पन्हळीखाली काळ्या टाक्यांची रांग. पावसाचं पाणी त्यात, नळ येईल त्या दिवशी मोटर लावून नळाचंही त्यात. गच्चीचं पाणी नालीत नेणारा पाइप होता, त्याचं तोंड त्यांनी बूच मारून बंद केलं, म्हणजे थेंब बाहेर जायला नको. टाक्या कायम काठोकाठ. त्यातलं पाणी वापरायचं नसे, ते असायचं असे. आणि एवढं सगळं ओझं त्या तहानेनं भुसभुशीत झालेल्या स्लॅबच्या छातीवर.

मग व्हायचं ते होऊ लागलं. खालून छताला आधी पांढरे डाग आले, मग सळयांच्या रेषेत तांबूस पट्टे उमटले, मग गिलावा फुगला. दर जूनमध्ये पोरींचे आईबाप खोल्या बघायला यायच्या आधी अप्पा छताला रंग द्यायचे. आजारी मुलीला पावडर लावून बघण्याच्या कार्यक्रमाला बसवावं, तसला तो प्रकार होता.

या मे महिन्यात एका दुपारी वरच्या खोलीत छताचा मोठा ढलपा खाटेवर पडला. खाट वर्षाराणीची, इस्लापूरहून आलेल्या पोरीची. ती क्लासला गेली होती म्हणून वाचली, दुसरं काही कारण नाही. शिवम्मानं मला हाक मारली. मी वर गेले तर उशी फाटलेली, तिच्या पुस्तकांवर सिमेंटचा भुगा, आणि वर उघड्या पडलेल्या सळया. मी खाटेवर चढून सळईला हात लावला. तिचे पापुद्रे माझ्या बोटांत आले.

अमरेशला बोलावलं. त्यानं हातोडीनं छत ठोकत एक फेरी मारली. जागोजागी पोकळ आवाज येत होता. तो टाळ्या विसरून खरं बोलला, एवढं त्याच्या नावावर लिहीन.

"मामा, पोरींना आजच खाली घ्या. टाक्या आजच रिकाम्या करा. हा स्लॅब पाडावा लागतोय."

"टाक्या?" अप्पा म्हणाले. पोरींचं त्यांनी ऐकलंच नाही. "मे महिना चालू हाय. नळ कवा येतोय ठाव न्हाई. एवढं पाणी नालीत सोडू? माझ्या हातून व्हनार न्हाई. वापरून संपवू हळूहळू."

"हळूहळू म्हंजे आठवडे लागतील, मामा."

"इतकी वर्सं उभा हाय, आठवड्यानं काय पडतोय?"

आणि त्यांनी उपाय काय केला, तर वर्षाराणीची खाट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. ती पोरगी संध्याकाळी आली, तिनं छताकडे बघितलं आणि त्याच छताखाली पुस्तक उघडून बसली. तिला परीक्षा होती. मला अप्पांचा इतका संताप आला की मी जिन्यातच त्यांना नको ते बोलले. म्हणाले, पोरीचा जीव गेल्यावर तिच्या तोंडात पाणी तरी घालाल का, की तेही जास्वंदीला? अप्पा शांतपणे म्हणाले, "सिस्टर, तुमचा बीपी वाढतोय." आणि अमरेश मोबाइल बघत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा देवळात गेले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पलीकडे शिवम्मा वर आली. पदर खोचलेला, हातात मिरची कुटायचा बत्ता. तिनं आधी पाइपाच्या तोंडाचं बूच बत्त्यानं फोडलं. मग टाक्यांची रांग धरून एकेक तोटी पूर्ण उघडत गेली. शेवटच्या टाकीपाशी ती जरा थांबली. मला वाटलं हिंमत गेली. पण तिनं फक्त लुगडं वर धरलं आणि तीही सोडली.

पाणी आधी आख्ख्या स्लॅबवर पसरलं, मगच पाइपाला लागलं. जन्मल्यापासून त्या स्लॅबला इतकं पाणी पहिल्यांदा मिळालं. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

नाली भरून वाहू लागली तशी गल्ली बाहेर आली, मीही खाली उतरले. कुणी बादल्या लावल्या, कुणी सायकल धुऊन घेतली. एक म्हातारा म्हणाला, "जलमित्रानं दान केलं वाटतं." तेवढ्यात अप्पा कोपऱ्यावरून आले. ओली विभूती कपाळावर तशीच होती. नालीकडे बघून ते इतक्या वेगानं जिना चढले की मला वाटलं आता हेच आडवे होतात, म्हणून मी मागोमाग गेले.

ते गच्चीवर पोचलेच नाहीत. वरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत पाऊस पडत होता. एका चिरेतून नाही, एका कोपऱ्यातून नाही, सगळ्या छतातून. सळयांच्या रेषांनी गंजाचं तांबडं पाणी टपकत होतं, रिकाम्या खाटांवर, पंख्यावरून, भिंतींवरून. अप्पा दारात उभे राहिले. मग त्यांनी बादली आणून धारेखाली लावली. मग परात, मग तांब्या, मग पोरींचा डबा. भांडी संपली, धारा संपल्या नाहीत. तेव्हा कुठे त्यांनी मान वर करून नीट छताकडे बघितलं.

"शिवम्मा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोरींना खाली घे."

शिवम्मा ओल्या लुगड्यानं गच्चीवरून उतरत होती. "त्या कवाच खाली हायत," ती म्हणाली. "रातीच घेतल्या माझ्या खोलीत. तुमाला इचारलं न्हाई."

अप्पा वाकले. त्यांनी भरलेली बादली उचलली आणि सवयीनं जिन्याकडे वळले, वर, टाकीत ओतायला. शिवम्मानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, खाली नेली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत नालीत ओतली. मग रिकामी बादली घेऊन पुन्हा वर आली.